मफलर घ्या, हेस्टिंग्जला जायचंय

एक स्वेटर पुरणार नाही. दोन घाला, वर जाड कोट, पायांत लोकरीचे मोजे एकावर एक आणि गळ्याला मफलर. डिसेंबरात महाबळेश्वरला राहिलोय, अशी बढाई मारू नका. तिथली थंडी ऊन आलं की पळते. आपण चाललोय तिथली थंडी ओली आहे. ती शिवणींतून आत शिरते आणि मुक्कामालाच राहते. खिशात शिलिंगची नाणी सुटी असू द्या, कशाला ते रात्री कळेल. मोबाइल इथेच ठेवा. बुद्धिबळाचं इंजिन तर मुळीच नको, नाहीतर तिथल्या भल्याभल्यांच्या चुका काढत बसाल.

चला. 1930 चा डिसेंबर संपत आलाय आणि तुम्ही लंडनच्या चेरिंग क्रॉस स्टेशनात उभे आहात. पहिला श्वास घेतलात ना? तो कोळसा आहे. इथे घराघरात कोळसा जळतो, इंजिनात कोळसा जळतो, आणि आभाळातून जे उतरतं त्याला धुकं म्हणायची पद्धत असली तरी त्यात निम्मा धूर आहे. रुमालात नाक शिंकरा, काळं निघेल. गाडीच्या डब्यात ओल्या लोकरी कोटांचा वास कोंडलाय. समोरचे गृहस्थ पाइप ओढत वर्तमानपत्र वाचतायत आणि तुमच्याकडे एकदाही बघत नाहीत. आपल्याकडे एव्हाना तुमचं गाव, आडनाव, पगार आणि मुलांची लग्नं असं सगळं विचारून झालं असतं. इथे दक्षिण किनाऱ्यापर्यंत चिडीचूप.

हेस्टिंग्जला उतरलात की आधी वारा थोबाडीत मारतो, मग वास येतो: खारट पाणी, डांबर आणि मासळी. कोकणातलं कुणी बरोबर असेल तर त्याला क्षणभर घरी आल्यासारखं वाटेल, पण किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे. बूट त्यांच्यात करकर रुततात. बंदर नसल्यामुळे होड्या गोट्यांवरून ओढून वर काढून ठेवल्यायत. त्यांच्यामागे डांबर फासलेल्या उंच, अरुंद, काळ्या लाकडी खोल्या दाटीवाटीनं उभ्या आहेत. कोळी त्यांत जाळी ठेवतात. सीगल डोक्यावर कर्कश्श ओरडतायत. दुपारचे चार वाजलेत आणि दिवस संपलासुद्धा. रस्त्यावरून ट्रॉलीबस जाते, तिच्या काचांवर आतल्या माणसांच्या श्वासाची वाफ धरलीय. एका पोराची टोपी वाऱ्यानं उडते, तो तिच्यामागे धावतो, आणि तुम्हाला बरं वाटतं, कारण बऱ्याच वेळात पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्यानं ओरडलंय.

बोर्डिंग हाउसची मालकीणबाई खोली दाखवते. भिंतीला गॅसची छोटी शेगडी आहे, शेजारी मीटर, आणि मीटरला नाणं टाकायची फट. आता कळलं ना? शिलिंग टाका, की निळी ज्योत फुरफुरते. तिच्यासमोर बसलात तर गुडघे भाजतात आणि पाठ गारच राहते. पैसे संपले की ज्योत झपकन विझते. जेवणाला उकडलेलं मटण, उकडलेला बटाटा आणि उकडलेली कोबी. मीठ-मिरी टेबलावर आहे. ठेचा विचारू नका. रात्री पांघरुणात शिरताना चादर ओलीच आहे असं वाटेल. ती ओली नाही, नुसती गार आहे. इथे हा फरक कळायला वेळ लागतो.

ही खोली एवढ्यासाठी दाखवली, की आपण ज्याला बघायला आलोय तो माणूस अशाच हवेत राहतोय आणि त्याला ती अजिबात सोसत नाही. सर्दी, ताप, घसा. शिवाय पंजाबातून बरोबर आलेला हिवताप मधूनमधून उठतो तो वेगळाच. बुद्धिबळपटूचं चरित्र लिहिणारे डावांवर पानंच्या पानं लिहितात, त्याच्या घशाला एक ओळ देतात. माझं मत विचाराल तर मीर सुलतान खानच्या कारकिर्दीत घसा हा एक मोठा प्रतिस्पर्धी होता आणि त्याच्याशी घड्याळ लावून खेळता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बुद्धिबळ स्पर्धेच्या सभागृहात या. दार ढकललंत की उबेचा लोट अंगावर येतो आणि पाठोपाठ धूर. पाइप, सिगार, सिगारेट, सगळं एकाच वेळी. दिव्यांखाली धुराचा थर तरंगतोय. डोळे चुरचुरतात. टेबलांभोवती माणसं दोन-तीन रांगांनी उभी आहेत, मागचे टाचा उंचावून बघतायत. आणि तरी आवाज म्हणाल तर बुटांची करकर, दाबून ठेवलेला खोकला आणि घड्याळांची टिकटिक. प्रत्येक टेबलावर दोन तबकड्यांचं लाकडी घड्याळ. एकानं चाल केली, बटण दाबलं, की त्याचं थांबतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं. डाव वेळेत संपला नाही तर पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करायची आणि उरलेला खेळ नंतर.

आता एक ताकीद. तुमचा हात शिवशिवेल. आपल्या कट्ट्यावर पटाभोवती उभ्या राहिलेल्या माणसाचा चाल सांगणं हा जन्मसिद्ध हक्क असतो, आणि न सांगितल्यास त्याला आजारी समजतात. इथे तोंडातून ‘घोडा!’ निघाला तर बाहेर काढतील. हात खिशात घाला.

त्या टेबलाशी जी बाई शांतपणे बसलीय ती व्हेरा मेंचिक, बायकांची जगज्जेती. तिच्याकडून हरणं म्हणजे नामुष्की, असं मानणारे पुरुष इथे पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेच तिच्याकडून हरलेत. ही स्पर्धा जिंकणारा मॅक्स युवेही याच स्पर्धेत तिच्याकडून हरतो. पलीकडे गर्दी सर्वांत दाट आहे तिथे घुसा. कोपरं वापरा, पण ‘सॉरी’ म्हणत वापरा. इथे तेवढं चालतं.

उजवीकडे कापाब्लांका. क्यूबाचा. सहा वर्षं जगज्जेता होता, ते पद जाऊन फार दिवस झालेले नाहीत. केस तुळतुळीत मागे वळवलेले, सूट असा की इस्त्रीवाल्याचे हात धरावेत. डावीकडे सुलतान खान: पगडी, खाली विलायती सूट, सडसडीत सावळा माणूस, पंचविशीतला. चेहऱ्यावर काही नाही. म्हणजे खरोखरच काही नाही. आनंद, भीती, कंटाळा, काही वाचता येत नाही. इंग्रजी त्याला फारसं बोलता येत नाही. त्याची एक गोष्ट बुद्धिबळवाले रंगवून सांगतात: एका डावात ऑस्ट्रियाचा हान्स क्मोख त्याला पुनःपुन्हा बरोबरी देऊ करत होता आणि हा नुसता हसत होता. वैतागून त्यानं इंग्लंडच्या कप्तानाला विचारलं, तुमच्या या खेळाडूला भाषा तरी कुठली येते? कप्तान म्हणाला, बुद्धिबळ.

एक गोष्ट गर्दीतल्या कुणाच्या लक्षात येत नसेल, पण तुमच्या येईल: टेबलाच्या दोन्ही बाजूंची माणसं उन्हाच्या देशांतून आलीयत. एक हवानाचा, एक पंजाबचा. आणि दोघं या चिंब थंडगार गावात एकमेकांना अडवत बसलेत.

डाव रंगायला वेळ आहे. तोवर मी तुम्हाला जरा ऊब देऊन आणतो. स्वेटर काढा, दोन्ही.

मिठा टिवाणा, सुलतान खानचं गाव. पंजाब, उन्हाळा. डोळे बारीक करा. उजेड पांढरा आहे. लू वाहतेय, तोंड उघडलंत की जिभेवर धूळ बसते. घोड्यांच्या लिदीचा वास, हुक्क्याच्या गुळमट तंबाखूचा वास, कुठेतरी ताक घुसळतायत त्याची घरघर. सावलीत बाज टाकलीय, तिच्यावर पट. भोवती माणसं बसलीयत, उभी आहेत, ओणवलीयत, आणि सगळी एकदम बोलतायत. इथे बिनधास्त चाल सांगा. तुमचं कुणी ऐकणार नाही, पण रागावणारही नाही. घड्याळ नाही. घाई तर नाहीच.

सुलतान खान नऊ वर्षांचा असताना वडलांकडून हा खेळ शिकला, आणि तो तुमच्या क्लासमधला खेळ नव्हे. इथे प्यादं पहिल्या चालीत दोन घरं उडी मारत नाही. एकेक घर, बैलगाडीसारखं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची उडी मारायची मुभा. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की लगेच वजीर मागायचा नाही, ज्या मोहऱ्याच्या रांगेत पोचलं ते मोहरं व्हायचं. तुमच्या पणजोबांच्या पटावरही थोड्याफार फरकानं असंच चालायचं. अशा खेळात सैन्यं हळूहळू समोरासमोर येतात. पहिल्या दहा चालींत कुणी कुणाला ठार करत नाही. दम धरणाऱ्याचा खेळ आहे हा. शेवटी पटावर चार मोहरी उरतात, बाजेवरची सावली सरकलेली असते आणि मग खरी परीक्षा सुरू होते.

याच भागातले बडे जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्याला हेरलं, आपल्याकडे ठेवलं, विलायती नियम शिकवले. 1928 साली अखिल भारतीय स्पर्धेत तो नऊ डाव खेळला. आठ जिंकले, एक बरोबरीत सुटला. पुढच्या वर्षी सर उमर त्याला घेऊन लंडनला गेले. काही महिन्यांतच रॅम्सगेटच्या समुद्रकिनारी तो ब्रिटनचा अजिंक्यवीर झाला. इंग्रज पोरं ज्या सुरुवाती पुस्तकांतून घोकून आली होती त्या त्याला ठाऊक नव्हत्या. विल्यम विंटर आणि येट्स या तिथल्या खेळाडूंनी काही शिकवल्या, तेवढंच. सुरुवातीला तो अडखळायचा, मधल्या खेळात सावरायचा आणि शेवटाला आला की समोरच्याची धडगत नसायची. बाजेवर शिकलेला माणूस तो.

अजून थोडं ऊन खायचंय? नाही मिळणार. कोट चढवा, डाव तापलाय.

सभागृह. धूर आणखी दाटलाय. पांढरी मोहरी सुलतान खानकडे. बघा, त्यानं किल्लेकोट केलेलाच नाही. राजा मधोमध, उजवीकडची प्यादी पुढे दामटलेली. तुमच्या शेजारचा म्हातारा हळूच मान हलवतो: हे काही बरं नाही. आणि मग कापाब्लांका झडप घालतो. एक हत्ती सरळ पांढऱ्याच्या घरात शेवटच्या रांगेत: शह. राजा एक पाऊल वर सरकतो. दुसरा हत्ती: पुन्हा शह. गर्दीतून एक दबलेला श्वास जातो. वजीर जाणार! आणि जातोच. सुलतान खानचा वजीर गेला, बदल्यात त्याला दोन हत्ती मिळाले, त्यातला दुसरा तर त्याच्या राजानं स्वतः मारला. शेजारचा म्हातारा आता तुमच्याकडे बघून सहानुभूतीनं हसतो. तुमच्या सावळ्या चेहऱ्यावरून त्यानं तुम्हाला त्याच पक्षाचं धरलंय.

हसू द्या. कापाब्लांकाकडे वजीर आहे, पण त्याला जायला वाट नाही. आणि इथून पुढे जे घडतं ते बघायला चिवट पाय हवेत, कारण घडत काहीच नाही. एक प्यादं एक घर. हत्ती एक रांग डावीकडे. राजा एक पाऊल. पुन्हा प्यादं. लोक कंटाळून दुसऱ्या टेबलांकडे जातात, चहा पिऊन परत येतात, आणि बघतात तर कापाब्लांकाची मोहरी आणखी एका घरानं आक्रसलीयत. तुम्ही ओळखलंत? ती मिठा टिवाण्याची बाज आहे. लू वाहतेय, सावली सरकतेय, कुणाला घाई नाही. मफलरात गळा गुंडाळलेला माणूस या धुरात बसून आपल्या गावाचा खेळ खेळतोय आणि हवानाच्या राजबिंड्या माणसाला त्यातून सुटता येत नाही. पासष्टाव्या चालीला कापाब्लांका शरण येतो. हात मिळवला जातो. सुलतान खानच्या चेहऱ्यावर तेव्हाही काही नाही.

स्पर्धेत तो तिसरा आला. युवे पहिला, कापाब्लांका दुसरा. या डावाचे गोडवे लोक अजून गातात. खुद्द कापाब्लांकानं पुढे त्याची प्रतिभा असामान्य आहे असं लिहिलं, आणि कापाब्लांका दुसऱ्याची स्तुती करण्यासाठी प्रसिद्ध नव्हता.

पुढची वर्षं पळत बघू. प्रागला तो इंग्लंडसाठी पहिल्या पटावर बसतो. रुबिनस्टाइन आणि फ्लोरला हरवतो, जगज्जेत्या अलेखिनला बरोबरीत रोखतो. ब्रिटनचा अजिंक्यवीर आणखी दोनदा होतो. 1933 साली त्याच हेस्टिंग्जला तो मुकुट घेतो, आणि बायकांचं अजिंक्यपद फातिमा नावाची मुलगी घेते; तीही सर उमरच्याच घरातली. अकरा डावांत साडेदहा गुण. इंग्रज बायकांनी हात टेकले. या फातिमावर कुणी कादंबरी का लिहीत नाही, मला कळत नाही.

आता जेवायला चला. कपडे बरे घाला, सर उमरच्या लंडनच्या घरी जायचंय. त्याच वर्षी फोकस्टोनला बुद्धिबळाचं ऑलिम्पियाड झालंय आणि अमेरिकन संघाला तिथे आमंत्रण आहे. तुम्ही त्यांच्यामागून आत शिरा. गालिचे पायाखाली मऊ दबतात. तूप आणि मसाल्याचा वास! तीन वर्षांच्या उकडलेल्या कोबीनंतर डोळ्यांत पाणी येईल. यजमान रुबाबदार आहेत आणि पाहुण्यांना जाणीव करून देतायत की इथे येणं हा पाहुण्यांचा सन्मान आहे. एरवी ते फक्त आपल्या शिकारी कुत्र्यांशी बोलतात. अमेरिकन पोरं एकमेकांकडे बघतात. मग ताट येतं, आणि ते घेऊन येणारा माणूस म्हणजे ब्रिटनचा अजिंक्यवीर. ज्याच्याशी पटावर झुंजायला त्यांना रात्री जागाव्या लागतात, तो त्यांच्या मागे उभा राहून वाढतोय. रूबेन फाइननं पुढे हे लिहून ठेवलंय. आम्हाला फार अवघडल्यासारखं झालं, असा त्याचा सूर आहे.

ताट घेताना तुमचाही हात अवघडेल. पण एवढ्यावरून निकाल देऊ नका. सुलतान खान निरक्षर नोकर होता ही गोष्ट युरोपात इतकी आवडीनं सांगितली गेली की पुस्तकांच्या नावांतही शिरली. त्याच्या नातीनं ती ठाम खोडून काढलीय. फाइननं जे पाहिलं ते त्यानं पाहिलं असेल, पण पाहुण्याला स्वतःच्या हातानं वाढणं याचा अर्थ न्यूयॉर्कच्या अठरा वर्षांच्या मुलाला एक लागतो आणि आपल्याकडच्या माणसाला कधीकधी दुसरा. तिथे उभं राहून मलाही नक्की ठरवता आलं नसतं. भात घ्या, निवतोय.

त्या वर्षाच्या अखेरीस सर उमर मायदेशी निघतात आणि सुलतान खानही. चार-साडेचार वर्षांत, मध्ये एकदा घरी जाऊन, जगातल्या पहिल्या दहांत पोचलेला माणूस बोटीवर चढतो, आणि तुम्हाला वाटतं, अरेरे! मैदान ऐन भरात सुटलं. पण फातिमानं खूप वर्षांनी सांगितलं की त्याला उलट तुरुंगातून सुटल्यासारखं झालं होतं. त्या हवेतून सुटका! तुम्ही हेस्टिंग्जच्या खोलीत एक रात्र काढलीत, तेव्हा हे तुम्हाला पटायला हरकत नाही. पुढे तो शेती करत राहिला. पोरांना बुद्धिबळ शिकवलं नाही. आयुष्यात काहीतरी उपयोगाचं करा म्हणाला. 1966 साली सरगोध्याला गेला. ग्रँडमास्टर हा किताब जागतिक संघटनेनं 1950 पासून द्यायला सुरुवात केली होती. त्याला तो 2024 साली मिळाला, मरणोत्तर.

परतीच्या वाटेवर एक शेवटचा थांबा, खास तुमच्यासाठी. 1935. स्वेटर पिशवीत टाका. समोर सुलतान खान, पगडी, कोरा चेहरा, गळ्याला काही नाही. आणि त्याच्यासमोर व्ही. के. खाडिलकर. हो, आपले खाडिलकर. सुलतान खानच्या पाच वर्षं आधी, 1924 साली, ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत खेळून आलेले. दहा डावांचा सामना आहे. इतका वेळ तुम्ही निर्लज्जपणे सुलतान खानच्या बाजूनं होतात; आता मात्र मन आपोआप खाडिलकरांकडे वळतं, रक्ताचं काय करणार? पहिला डाव सुलतान खान जिंकतो का, असं विचारू नका. तो नऊ डाव जिंकतो. ज्या मुठीत कापाब्लांका सापडला होता त्याच मुठीत आता आपला माणूस आहे आणि मूठ अजिबात सैल झालेली नाही. पण दहांतला एक डाव आहे जो खाडिलकर सोडत नाहीत. लढवतात, लढवतात आणि बरोबरीत सोडवतात. या सामन्यानंतर सुलतान खानचं नाव मोठ्या बुद्धिबळात पुन्हा ऐकू येत नाही. तेव्हा त्या एका अर्ध्या गुणाला टाळ्या वाजवून घ्या, जोरात वाजवा. हे हेस्टिंग्ज नव्हे, इथे तुम्हाला कुणी बाहेर काढणार नाही.